मागे बसणाऱ्याचे डोके

मोटारसायकल आता घरोघरी आली आहे. वडील तिच्यावरून कामाला जातात, मोठा भाऊ कॉलेजात जातो. ईदच्या दिवशी तर सारे घरच तिच्यावर बसून नातेवाइकांकडे निघते! गाडी घेताना आपण तिचा रंग पाहतो, एका लिटरमध्ये ती किती धावते हे विचारतो. शिरस्त्राण म्हणजेच हेल्मेट मात्र अगदी शेवटी आठवते. तेही एकच घेतले जाते, चालवणाऱ्यापुरते. मागे बसणाऱ्याच्या डोक्याला काही किंमत नाही काय?

सरकारी अहवाल सांगतो की, 2022 साली भारतातील अपघातांत हेल्मेट न घातलेले 50,029 लोक मरण पावले. त्यांपैकी 14,337 जण मागे बसलेले होते. त्यांत कोणाची आई असेल, कोणाची बहीण असेल. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. पण आपण ते पोलिसासाठी घालतो आणि चौक ओलांडला की हँडलला अडकवतो! दंडाचे पैसे पुन्हा मिळवता येतात, गेलेला जीव परत येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हेल्मेट नीट निवडले पाहिजे. त्यावर आय.एस.आय.ची खूण असावी. त्याच्या कठीण कवचाखाली थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले की हा थर स्वतः दबतो आणि धक्का सोसतो. एकदा दबलेला थर पूर्वीसारखा होत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. जुन्या बाजारातून तर ते घेऊच नये. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसावे, पण टोचू नये. हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे. नाहीतर पडताना डोके एकीकडे आणि हेल्मेट दुसरीकडे जाते.

काही जण विचारतात, "बुरखा किंवा ओढणी असताना हेल्मेट कसे घालायचे?" उपाय सोपा आहे. डोक्याला पातळ रुमाल बांधावा आणि तो बांधूनच दुकानात माप पाहावे. आत पिना लावू नयेत. ओढणीचे व बुरख्याचे टोक आवरून बसावे, म्हणजे ते चाकात अडकणार नाही.

हातापायांनाही विसरू नका. पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे हवेत. चपलेपेक्षा घोटा झाकणारे बूट बरे. कपडे जाड आणि पूर्ण बाह्यांचे असावेत.

तुमचे वय अजून मोटारसायकल चालवण्याचे नाही. पण तुम्ही रोज मागे बसता. म्हणून घरात सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. घरात नवी गाडी येणार असेल, तर दोन चांगल्या हेल्मेटची किंमत आधी बाजूला काढायला सांगा. उरलेल्या पैशांत सजावटीचे सामान आले नाही तरी काही बिघडत नाही. गाडीची शोभा तिच्या रंगात नसते. तिच्यावर बसून गेलेली सर्व माणसे सुखरूप घरी परत येण्यात असते.