शंभर टक्के

मेळघाटातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चार वर्षं पहिलीला शिकवलं. मी सांगलीकडचा, वर्गातली सगळी मुलं कोरकू. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा 'डा, डा' म्हणत रडत होता आणि मी उत्साहाने त्याला बाराखडीतला 'डा' फळ्यावर गिरवून दाखवत होतो. त्याला तहान लागली होती. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात.

पुढे बरीच वर्षं हा किस्सा मी हसत सांगायचो. आता सांगताना लाज वाटते.

कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळीची नातलग. डी.एड.च्या दोन वर्षांत हे कुणी सांगितलं नाही. तपासणीच्या शेऱ्यात मात्र 'मुले बोलत नाहीत' असं लिहून यायचं.

आंध्र प्रदेशाने २००० साली अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांची सगळी शिक्षकपदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. कारण उघड होतं : बाहेरून नेमलेले गुरुजी शाळेत फिरकतच नव्हते. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो आदेश रद्द केला. आदिवासींना फक्त आदिवासींनीच शिकवावं, ही कल्पनाच न्यायालयाला किळसवाणी वाटली. असेल. पण आमच्या शाळेत चार शिक्षक होतो आणि चौघंही बाहेरचे. तेही शंभर टक्के आरक्षणच होतं, फक्त त्याचा जीआर निघाला नव्हता.

यावर 'गुणवत्तेचं काय?' हे ठरलेलं उत्तर येतं. पहिलीच्या मुलाला तहान लागलीय हे न कळणाऱ्या माझी गुणवत्ता कुठल्या परीक्षेत मोजली होती? शिक्षक पात्रता परीक्षेत गुजराती, सिंधी, कन्नड आहे; कोरकू नाही, गोंडी नाही. शिक्षण हक्क कायदा 'शक्य असेल तोवर' मातृभाषेतून शिकवा म्हणतो, आणि त्या 'शक्य'वर आपण सगळे निवांत झोपतो.

केवळ जातीचा दाखला पाहूनही भागणार नाही. नाशिकचा महादेव कोळी शिक्षक धारणीत आला तर आरक्षण भरेल, पण 'डा' त्यालाही कळणार नाही. म्हणून माझा आग्रह भाषेचा आहे : पहिली-दुसरीला मुलांची भाषा येणं ही नेमणुकीची अट हवी. तशी माणसं मिळत नाहीत, हे मला सांगू नका.

आमच्या शाळेत एक होती. खिचडी शिजवायची. कोरकू, दहावी पास. मी गोष्ट सांगायचो, ती दारात उभी राहून कोरकूत सांगायची, तेव्हा मुलं हसायची. तिला मानधन मिळायचं, तेही दोन-दोन महिने थकायचं. मला पूर्ण पगार होता, आणि आदिवासी भागात काम करतो म्हणून वर एकस्तर वेतनश्रेणी.