समुद्राआधी बादली
नवी पेठेत टोप्या-चड्ड्यांची खरेदी उरकून मालवणला निघालेल्या सोलापूरकरांनो, पोरांना स्नॉर्कलिंग करवायचंच तर रंगीत तालीम घरीच घ्या. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढायला सांगा. हात काढल्यावरही चिकटून राहिला, तर माप बरोबर. कडेखाली केसांची बट अडकली तरी पाणी शिरतं आणि पोर बिथरतं. मग तुमच्या देखत, बादलीत तोंड घालून नळीतून श्वास. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत. त्यावर पाय देऊ नका, माशांना बिस्किटं टाकू नका. आणि पोर ‘नको’ म्हणालं, तर पैसे भरलेत म्हणून ढकलू नका.