विश्लेषण : रात्रीच्या पॅरिसची ‘पोज’ खोटी कशी?

मोबाइलचा ‘नाइट मोड’ दोन-तीन सेकंद हात स्थिर ठेवायला सांगतो, तेवढ्यातही जीव कंटाळतो. १९३०च्या सुमारास पॅरिसमध्ये ब्रासाई तिपाईवर कॅमेरा लावत, शटर उघडत आणि सिगारेट शिलगावत. ती संपली की फोटो झाला! उजेड बरा असेल तर ‘गोलवाझ’, अंधार दाट असेल तर जाड, सावकाश जळणारी ‘बॉयार’.

ब्रासाई कोण?

मूळ नाव ज्युला हलास. जन्म १८९९चा, तेव्हाच्या हंगेरीतल्या (आता रुमानियातल्या) ब्राशो गावचा, टोपणनाव त्यावरूनच. १९२४ मध्ये ते पॅरिसला आले. धुके, ओले फरसबंद रस्ते, झाडाआड दडवलेला दिवा यांतून साकारलेले ‘पारी द न्वी’ हे पुस्तक १९३३ साली गाजले. बार, टोळीवाले, वेश्यागृहे यांची अनेक छायाचित्रे मात्र थेट १९७६च्या पुस्तकात आली.

आक्षेप काय?

यातली कित्येक दृश्ये जुळवून आणलेली होती; काहींत तर मित्रच उभे राहिले. म्हणजे फसवणूक? हा आक्षेप पोकळ आहे. इतक्या संथ कॅमेऱ्यापुढे माणूस हलला की पुसट होणार; म्हणजे त्याला थांबायला सांगणे आले आणि त्याने ‘हो’ म्हणणेही आले. बारमध्ये ते मॅग्नेशियमची पूड उडवत (पिकासो त्यांना गमतीने ‘दहशतवादी’ म्हणत), पण समोरच्यांना त्यांचा कॅमेरा ठाऊक असे.

आणि पोज न दिलेले फोटो?

ते न्यूयॉर्कचे पोलीस-बातमीदार जेकब रीस यांचे पाहावेत. १८८७ मध्ये जर्मनीत फ्लॅशची पूड निघाली आणि रीस रात्री-अपरात्री गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिरू लागले. सुरुवातीला पूड पिस्तुलासारख्या यंत्रातून उडे. लोक घाबरत, म्हणून पुढे ती तव्यात पेटवली जाऊ लागली. त्या खटाटोपात दोनदा घरांना आगही लागली. ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ (१८९०) हे पुस्तक आणि रीस यांचा पाठपुरावा यांमुळे मलबेरी बेंड ही बकाल वस्ती हटली, १८९७ मध्ये तिथे बाग झाली. काम मोठेच. पण झोपेतून दचकून उठलेल्या त्या माणसांना कुणी विचारले नव्हते.

आज शेवटच्या लोकलमध्ये पेंगणाऱ्यांचे, फूटपाथवर निजलेल्यांचे फोटो ‘कँडिड’ म्हणून लाइक्स मिळवतात. ते रीस यांच्या वाटेवरचे, ब्रासाईंच्या नव्हे. फरक इतकाच, की रीस यांच्या पुडीच्या आवाजाने झोपलेला निदान जागा तरी होत असे.