विश्लेषण : दुपारची वीज सकाळच्या अंघोळीला का मिळत नाही?

गच्चीवर सौर पॅनेल बसली, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचे बिल उतरले. तरी सकाळी घरोघरचे गिझर ग्रिडच्याच विजेवर चालतात. पुणे-नाशिकच्या अनेक गृहसंकुलांत हेच चित्र आहे. स्वतःला ‘स्मार्ट’ म्हणवणाऱ्या संकुलांतही वीज आणि गरम पाणी यांचा विचार वेगवेगळा होतो. खरी गळती तिथेच आहे.

अडचण नेमकी काय?

100 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 अंशांवर न्यायला सुमारे 4 युनिट वीज लागते. 2 किलोवॉटचे 100 गिझर एकाच वेळी सुरू झाले, तर मागणी 200 किलोवॉटने वाढते. त्या वेळी सूर्य जेमतेम उगवलेला असतो. दुपारी वीज भरपूर असते, पण नळ बंद असतात.

उपाय कोणता?

वीज बॅटरीत साठवण्यापेक्षा उष्णता पाण्यात साठवणे स्वस्त पडते. त्यासाठी उष्णतारोधक आवरणाची सामाईक टाकी आणि हीट पंप हवा. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. तो दुपारी चालवला की सकाळची सोय होते. डेन्मार्कमध्ये सुमारे दोनतृतीयांश घरांना सामाईक नळजाळ्यातून उष्णता मिळते. वारा जोरात असून वीज स्वस्त असते, तेव्हा तिथे मोठ्या टाक्यांत पाणी तापवून ठेवतात. तिथे अख्खे घर उबदार ठेवावे लागते. इथे प्रश्न मुख्यतः अंघोळीपुरता आहे.

धोरण काय सांगते?

केंद्राच्या 2023च्या सुधारित नियमांनुसार सौर तासांतील वीजदर सामान्य दरापेक्षा कमी हवा. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी प्रतिकिलोवॉट 18 हजार रुपये अनुदान आहे. म्हणजे स्वस्त दुपार आहे, पॅनेलला पैसा आहे. दुपारची वीज साठवणाऱ्या टाकीचा विचार मात्र त्यात नाही.

मग अडते कुठे?

सर्वसाधारण सभेत. सुरुवातीचा खर्च मोठा आहे. यंत्रणा बिघडली तर अख्ख्या इमारतीची अंघोळ अडते. पाइपांना आवरण नसेल, तर उष्णता वाटेतच जाते. दोघांच्या घराने सहा जणांच्या घराचे बिल का भरावे, हा आक्षेपही रास्त आहे. त्यावर प्रत्येक घराला गरम पाण्याचे मीटर, देखभालीचा पक्का करार आणि पर्यायी हीटर ही उत्तरे आहेत.

जुन्या इमारतीत नळ फोडून हे करणे महाग पडते. पुनर्विकासात मात्र नळ नव्यानेच टाकले जातात. अशा हजारो इमारतींचे आराखडे आता तयार होत आहेत. विकासकाकडे वाढीव चटईक्षेत्र मागताना सभासदांनी टाकीची जागा आणि आवरणाचे पाइपही मागावेत. ही संधी हुकली, तर पुढची काही दशके गच्चीवरची वीज दुपारी बाहेर जाईल आणि सकाळी ग्रिडमधून विकत घ्यावी लागेल.