साडेसात मिनिटांची अंधश्रद्धा

बदलापूरचे माझे एक तरुण स्नेही गेल्या मे महिन्यात अंबरनाथच्या शिवमंदिराची छायाचित्रे घेऊन आले. छायाचित्रे कसली, चार बाय पाच इंची फिल्मचे सहा कोळसे! मूर्तींच्या कपाळावरचे ऊन, खांद्यांवरची कोरीव कामे, सारे काही निगेटिव्हवर एकाच काळ्या डागात बुडालेले. "तक्त्याप्रमाणे साडेसात मिनिटेच धुतली होती," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. शास्त्राप्रमाणे वागल्यावर दोष अर्थातच फिल्मचा!

माझे भांडण आहे ते या वाक्याशी.

तक्ता खोटा नाही. एचपी-५ प्लस फिल्मला आयडी-११ च्या मूळ द्रावणात साडेसात मिनिटे, हे इल्फर्ड कंपनी सांगते ते खरेच सांगते. पण त्याच ठिकाणी २० अंश सेल्सियस असेही लिहिलेले असते, आणि नेमके तेवढेच वाचायला आमच्या मंडळींना सवड होत नाही. बदलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उल्हासनगरच्या नळाला बारवीचे पाणी, बदलापूरच्या नळाला उल्हास नदीचे. पण गच्चीवरच्या टाक्या सगळ्यांच्या एकाच उन्हात तापतात. मी मोजले तेव्हा ते पाणी ३३ अंश होते. दर अंशाला वेळ साधारण दहाव्या हिश्श्याने बदलते, असा ढोबळ हिशेब आहे. तो मांडला तर साडेसात मिनिटांची सव्वादोन मिनिटेच उरतात. म्हणजे माझ्या स्नेह्यांनी फिल्म तिपटीहून अधिक शिजवली. बरे, सव्वादोन मिनिटांत उरकावे तर तेही जमत नाही. पाच मिनिटांच्या आत डेव्हलपर फिल्मवर सारखा चढत नाही आणि आभाळाला पट्टे पडतात.

त्यातून हे गृहस्थ फिल्मचे ताव ट्रेमध्ये धुतात. खालचा ताव काढून वर ठेवायचा, पुन्हा खालचा काढायचा, हात थांबतच नाही. तक्त्यातली वेळ अधूनमधून हलवायच्या टँकची. सततच्या हालचालीला ती सुमारे सातव्या हिश्श्याने कमी करावी लागते.

आणि मंदिराचे काय? शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेली ती शिलाहारांची वास्तू काळ्या बेसाल्टची आहे, कोरीवकाम खोल आहे. दुपारच्या उन्हात मूर्तीचे नाक चमकते आणि कोनाडा विहिरीसारखा अंधारा. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० सालीच दाखवून दिले होते, की धुण्याची वेळ वाढवली की उजेड आणि सावली यांतले अंतर वाढते. सावलीत मुळात प्रकाशच पोचला नसेल, तर ती कितीही शिजवून उघडत नाही. म्हणून मेच्या दुपारी फिल्मला प्रकाश सढळ द्यावा आणि धुण्यात हात आखडता घ्यावा. श्रावणातल्या ढगाळ सकाळी नेमके उलटे. फिल्म तीच, डेव्हलपर तोच, मंदिरही तेच, पण वेळ मात्र निराळी.

"मग काटेकोरपणा कुठे राहिला? हे तर अंदाजपंचे झाले," असे स्नेही म्हणतात. मुळीच नाही! उल्हासनगरच्या कॅम्पातल्या ज्या सिंधी स्टुडिओवाल्याकडे मी हे काम शिकलो, ते साईं तक्ता लावत नसत, पण त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिलेला नाही. घमेल्यात बर्फ, बर्फात ट्रे, ट्रेमध्ये थर्मामीटर. हायपो आणि धुवायचे पाणीही त्याच अंशावर. ऑर्थो फिल्म तांबड्या दिव्यात धुता येते. तिच्यावर चित्राची पहिली खूण किती सेकंदांनी उमटली हे ते मोजत आणि त्याला डेव्हलपरच्या ठरलेल्या गुणकाने गुणत. ही मूळ युक्ती आल्फ्रेड वॉटकिन्स या इंग्रजाची. पाणी तापलेले असेल तर खूण लवकर उमटते, म्हणजे पाण्याचा हिशेब आपोआप चुकता होतो. पँक्रोमॅटिक फिल्म पूर्ण अंधारात धुवावी लागते, तिथे डोळा चालत नाही आणि घड्याळ येते. घड्याळाला माझी ना नाही. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाला देव्हाऱ्यात बसवायला आहे.

स्नेह्यांना मी एवढेच करून दाखवले. आयडी-११ मध्ये तितकेच पाणी घातले. तशा द्रावणाला २० अंशांवर १३ मिनिटे लागतात. बर्फाने पाणी २६ अंशांवर आणले, तिथे सव्वासात झाली. ट्रेच्या हालचालीबद्दल एक मिनिट वजा केले, दुपारच्या उन्हाबद्दल आणखी सव्वा. पाच मिनिटे! त्या निगेटिव्हमध्ये कपाळही आले आणि कोनाड्यातली मूर्तीही आली. साडेनऊ शतकांच्या ऊनपावसाने ती मूर्ती आधीच इतकी झिजली आहे, की पुढल्या पिढीला तिची बोटे मोजायची झाली तर कदाचित याच तावावर मोजावी लागतील.

स्नेही ताव घेऊन खुशीत घरी गेले. परवा त्यांच्याकडे गेलो, तर भिंतीवर तोच तक्ता. फक्त साडेसात खोडून पाच लिहिले होते.