आकडा जुळला म्हणजे झालं?

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीच्या चुका पदरात घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे.

अमेरिकेत पुष्कळ हौशी नेमबाज काडतुसं घरीच भरतात. काही जण तर शिसं, कथील आणि अँटिमनी वितळवून गोळीसुद्धा स्वतः ओततात. (आपल्याकडे लायसन्सशिवाय हे करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा रूममधल्या शेगडीवर प्रयोग नकोत!) दारू भरण्याआधी त्यातले बरेच जण 'क्विकलोड'सारख्या सॉफ्टवेअरवर हिशोब करतात. काडतुसाचं आकारमान, गोळीचं वजन, दारूचा प्रकार टाका, की नळीतला कमाल दाब आणि गोळीचा वेग स्क्रीनवर हजर.

पण गोम पुढेच आहे. तांब्याचं आवरण असलेल्या गोळीला नळीतल्या आट्यांत शिरायला बराच जोर लागतो. शिशाची मऊ गोळी त्या मानाने सहज शिरते. म्हणजे सुरुवातीच्या दाबाचा आकडा बदलायला हवा. शिवाय अशा गोळीमागे दारू बहुधा कमी भरतात. अर्ध्या रिकाम्या काडतुसात दारू पुढे सरकली आहे की मागे, यानेसुद्धा वेग बदलतो. सॉफ्टवेअरला ते कुठून कळणार?

मग क्रोनोग्राफने वेग मोजायचा. जुळला नाही, तर दारूच्या जळण्याचा आकडा थोडा खालीवर करून जुळवायचा. खरी चूक इथेच होते. दोन चुकीचे आकडे मिळूनही वेग बरोबर येऊ शकतो, आणि दाब चुकीचाच राहतो. बंदूक फुटते ती दाबाने!

हे वाचताना मला घाम फुटला, कारण मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने हेच केलं होतं. स्टीलच्या बीमचं वाकणं डायल गेजवर जास्त दिसत होतं आणि सॉफ्टवेअरमध्ये कमी. सबमिशन दुसऱ्या दिवशी. आम्ही स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २०० वरून १६० गिगापास्कल केला, आकडा जुळवला आणि ऐटीत 'व्हॅलिडेटेड' लिहिलं. स्ट्रेस तर आम्ही मोजलाच नव्हता, पण तोही सिद्ध झाला म्हणून छापला! व्हायवात कोणीच विचारलं नाही. सामान परत करताना लॅबमधले काका सहज म्हणाले, "पोरी, हा क्लॅम्प सैल आहे गं."

बेंजामिन रॉबिन्सने गोळीचा वेग आधी कागदावर काढला, मग टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडून मोजला आणि १७४२ मध्ये पुस्तकात मांडला. कॉम्प्युटर नव्हता, पण पडताळा होता.

माझं म्हणणं इतकंच, की सॉफ्टवेअर जरूर वापरा. पण रिपोर्टमध्ये काय मोजलं, काय गृहीत धरलं आणि काय 'जुळवलं', हे तीन वेगळ्या रकान्यांत लिहा. सरांनीही जुळलेल्या आकड्याला नाही, तर न जुळलेल्या आकड्याचं कारण शोधणाऱ्याला मार्क द्यावेत.

नाहीतर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?