एक दिवस पनवेलला उतरा

शनिवारवाड्यात गाइड नारायणराव पेशव्यांच्या खुनापर्यंत येतो, तेव्हा ऐकणारे नकळत जवळ सरकतात. 30 ऑगस्ट 1773, गणपतीचे दिवस, थकलेल्या पगारासाठी वाड्यात घुसलेले गारदी, आणि पिढ्यानपिढ्या लोकांच्या तोंडी राहिलेली ‘काका, मला वाचवा’ ही हाक. एवढं सांगून झालं की बहुतेक गाइड पुढच्या दरवाजाकडे वळतात. गोष्ट मात्र तिथे संपत नाही. पेशवाईतल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, त्या काकांना, रघुनाथरावांना, बाजूला सारलं, 1775 मध्ये रघुनाथरावांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला, आणि 1778 च्या नोव्हेंबरअखेर त्यांना पुन्हा पुण्यात बसवण्यासाठी मुंबईहून इंग्रजांची फौज निघाली. खाडी ओलांडून आलेल्या त्या फौजेचा तळ पडला तो आमच्या पनवेलला.

हे आज लिहायचं कारण म्हणजे माझी बडोद्याची आतेबहीण. गेल्या हिवाळ्यात ताई, भावजी आणि त्यांची सून मुंबईला आले होते. त्यांनी एका दिवसाची पुण्याची सहल ठरवली. स्वतंत्र गाडी, ड्रायव्हर आणि दिवसभर सोबत मराठी बोलणारा गाइड. मोठ्या बसमधल्या चाळीस जणांमागे धावणं ताईंच्या गुडघ्यांना झेपलं नसतं, म्हणून हा खर्च. तो वसूल झाला असं ताई मनापासून म्हणाल्या. गाइड अभ्यासू होता. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, लाल महाल असं त्याने घाई न करता दाखवलं. प्रश्न विचारला की थांबायचा, खात्री नसली की सरळ तसं सांगायचा. पण सकाळी पनवेलजवळ गाडी थांबली तेव्हा चहा झाला, वडापाव झाला आणि ‘आता दीड तासात पुणं’ एवढंच बोलून तो गाडीत बसला. संध्याकाळी ज्या गोष्टीने ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तिचं पुढचं प्रकरण जिथे घडलं तिथून ते सगळे सकाळीच पुढे निघून गेले होते.

मी त्या गाइडला दोष देणार नाही. पनवेलमध्ये थांबून काय सांगायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसणार. आम्ही पनवेलकरही आपलं गाव पाहुण्यांना स्टेशन, एसटी स्टँड आणि एक्स्प्रेस वेचा नाका यांतूनच दाखवत आलो आहोत. पुण्याहून परतल्यावर ही मंडळी दोन दिवस माझ्याकडे राहिली. ताई म्हणाल्या, ‘पुणं झालं, आता तुझं पनवेल दाखव.’ मग गाडी केली आणि गाइड मी झाले.

शहर एका दिवसात दाखवायचं तर एक धागा धरावा लागतो. सगळं दाखवायला गेलं की काहीच लक्षात राहत नाही. पनवेलचा धागा मला नेहमी एकच वाटत आला आहे : बंदर आणि घाट यांच्यामधली वाट. मुंबईहून होडीने खाडीत यायचं, पनवेलला उतरायचं, खोपोलीमार्गे बोरघाट चढायचा आणि देशावर जायचं. तांदूळ, मीठ, माणसं, टपाल, तोफा, सगळं या वाटेने गेलं. म्हणून सुरुवात मी कोळीवाड्याकडून, खाडीच्या बाजूने केली. आज तिथे पाहायला फारसं काही नाही. गाळ आहे, तिवरं आहेत, चार होड्या आहेत. तिथेच उभं राहून 1778 ची मोहीम सांगितली.

फौज साधारण 3900 ची होती, आणि तिच्याबरोबरचे बैल होते 19 हजारांच्या घरात! सेनापती कर्नल एगर्टन आजारी, निर्णय समितीचे, आणि बरोबर पेशवाईची आस लावून बसलेले रघुनाथराव. कॅप्टन स्टुअर्टने आघाडीच्या तुकड्या घेऊन घाटमाथा गाठला. मागची फौज मात्र एवढ्या लवाजम्यासह सावकाश सरकत राहिली. घाट चढून आल्यावर तर तिची चाल दिवसाला जेमतेम मैलभर उरली. मराठ्यांनी समोरून मोठी लढाई दिलीच नाही. चारा जाळला, रसद तोडली, दोन्ही अंगांनी घोडदळ फिरत ठेवलं. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ स्टुअर्ट तोफेचा गोळा लागून पडला. तोच आपला ‘इष्टूर फाकडा’. शत्रूच्या शौर्यालाही मराठ्यांनी असं नाव दिलं आणि वडगाव मावळात त्याची समाधी आजही आहे. पुढे तळेगावहून माघार घेताना इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि वडगावला महादजी शिंद्यांपुढे मान तुकवून तह केला.

भावजींनी विचारलं, ‘म्हणजे सकाळी आपण ज्या रस्त्याने गेलो तोच?’ तोच. दोन वर्षांनी, 1781 च्या एप्रिलमध्ये, इंग्रजांचा जनरल गॉडार्ड याच वाटेने बोरघाट उतरून पनवेलला परतला. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी वाटभर त्याची अशी पाठ धरली की इतिहासकार ग्रँट डफने त्या माघारीतले मेलेले आणि जखमी 466 नोंदवले आहेत. पानिपतच्या पराभवावर आपण इतकं बोलतो. घरापासून तासाभरावर मिळालेल्या या दोन विजयांबद्दल शाळेतल्या किती मुलांना सांगता येईल?

तिथून बाजारपेठ. 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून चाकांच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि पनवेलचे दिवस पालटले. बैलगाड्यांची चाकं बनवणं हा तेव्हाचा इथला नावाजलेला धंदा. सगळा देश गाडीवर चालत असताना ते किती महत्त्वाचं काम होतं याचा विचार करा. नगरपालिका आली 1852 मध्ये, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होण्याच्याही आधी. 1872 मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथे धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. घराघरांत त्याच्या बाटल्या असतात, पण तो पनवेलचा, हे ताईंना त्या दिवशी कळलं.

भावजी रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचा प्रश्न ठरलेलाच होता : एवढी पेठ, मग रेल्वे इतक्या उशिरा का? उत्तर नकाशात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मुंबई-पुणे मार्ग कल्याण, कर्जत असा नेला आणि 1863 मध्ये बोरघाटातून गाड्या धावू लागल्या. होडीने पनवेल, पुढे गाडीने घाट, ही सगळी साखळी त्या दिवसापासून अनावश्यक झाली. पनवेलला रेल्वे मिळायला त्यानंतर शंभर वर्षं गेली. भावजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रुळांनी गावं वसतात एवढंच आम्हाला नोकरीत ठाऊक होतं.

स्वतंत्र सहलीचं खरं मोल मला इथे दिसतं. माणसं मोजकी असली की प्रत्येकाचा प्रश्न गोष्टीत शिरतो आणि गोष्ट त्याच्या दिशेने वळते. पोपटासारखं पाठ केलेलं भाषण दहा जणांना एकसारखं ऐकवणारा गाइड हे करू शकत नाही. चांगल्या गाइडला गावापेक्षा थोडं जास्त समोरच्या माणसाकडे पाहावं लागतं.

सुनेला सर्वांत जास्त भावलं ते बेथ एल सिनेगॉग. आधी विचारून ठेवलं होतं, त्यामुळे आत जाता आलं. 1849 मध्ये बांधलेली ही बेने इस्रायल समाजाची प्रार्थनेची जागा. कोकणच्या किनाऱ्याला शतकानुशतकं राहिलेले, तेल गाळण्याचा धंदा करणारे, शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक. प्रार्थना हिब्रूत, घरचं बोलणं मराठीत. आडनावं पेणकर, रोहेकर, चेऊलकर आणि पनवेलकरसुद्धा. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने ते मलिदा करतात, म्हणजे पोहे, गूळ किंवा साखर, खोबरं आणि फळं. ते ऐकून सून म्हणाली, ‘हा तर आपलाच प्रसाद.’ 26 जुलै 2005 च्या पुरात हे सिनेगॉगही पाण्याखाली गेलं होतं. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, तरी तिथून नातवंडं आजोबांचं गाव शोधत येतात. त्यांनाही वाट दाखवणारं कोणीतरी हवंच ना?

तळ्यांजवळ आम्ही थोडेच थांबलो. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, इस्रायली तलाव, ही नावं मी मुद्दाम मोठ्याने म्हणून दाखवली. खाडीकाठच्या गावाला गोडं पाणी साठवावंच लागतं, आणि जिथे रोज शेकड्यांनी बैल येणार तिथे तर जास्तच. हेही त्याच वाटेचं देणं.

दुपारनंतर शिरढोण. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथे 4 नोव्हेंबर 1845 रोजी झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते आणि 1818 मध्ये त्यांनी इंग्रजांना सहजी किल्ला दिला नाही, असं इथे अभिमानाने सांगतात. त्याच किल्ल्याच्या पायथ्याचा नातू पुण्यात इंग्रजांच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून झाला. 1860 मध्ये पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन काढणाऱ्यांतला तो एक. तीच आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी. दुष्काळाने माणसं मरताना पाहिली आणि 1879 मध्ये रामोशी, भिल्ल, कोळी अशा लोकांना बरोबर घेऊन त्याने सशस्त्र उठाव केला. पकडला गेल्यावर त्याचं वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतलं, शिक्षा जन्मठेपेची झाली आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. एडनची कोठडी, त्याआधी त्याला ठेवलं ती पुण्यातली संगमाजवळची कोठडी आणि शिरढोणचं त्याचं हे घर एका ओळीत ठेवून पाहिलं की छातीत काहीतरी हलतं. पुण्याची सहल करणाऱ्या प्रत्येकाला हे घर आधी दाखवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कर्नाळ्याचा किल्ला ताईंना चढता येणार नव्हता. म्हणून आम्ही अभयारण्याच्या खालच्या वाटेने हिंडलो आणि त्या अंगठ्यासारख्या सुळक्याकडे पाहत मी वर काय आहे ते सांगितलं. सुळक्याच्या पोटातली पाण्याची टाकी, आग्या मोहोळं, आणि माथ्यावरून दिसणारा खाडीपासून सह्याद्रीपर्यंतचा मुलूख. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये हा किल्ला घेतला, पुरंदरच्या तहात तो द्यावा लागला, 1670 मध्ये परत मिळवला. एवढी ओढाताण कशासाठी, हे खालची वाट पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. रात्री घरी मडक्यात भाजायची पोपटी लावली होती. वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याचा तो वास घेताना ताई म्हणाल्या, ‘पुण्याच्या आधी हे बघायला हवं होतं.’

ताईंनीच मग अहमदाबादची आठवण काढली. तिथल्या महापालिकेने 19 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळची वारसा फेरी सुरू केली. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून पोळांच्या, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या, गल्ल्यांतून जामा मशिदीपर्यंत गाइडबरोबर चालत जायचं. ताई दोनदा जाऊन आल्या आहेत. 2017 मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. त्यामागे कारणं पुष्कळ आहेत, पण आपल्या गल्ल्या परक्यांना दाखवण्याची सवय त्या शहराने वीस वर्षं आधी लावून घेतली होती, हे विसरता येणार नाही.

पनवेल 1 ऑक्टोबर 2016 पासून महानगरपालिका आहे. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि तोही पनवेल तालुक्यातच आहे. जगभरून येणारा माणूस आता इथेच उतरणार आणि टॅक्सीत बसून मुंबईला नाहीतर पुण्याला जाणार. त्याला एक दिवस थांबवायचं असेल तर महापालिकेने तीन गोष्टी कराव्यात : दर रविवारी बंदर ते सिनेगॉग अशी एक फेरी सुरू करावी, त्यासाठी कॉलेजातली मुलं आणि निवृत्त शिक्षक यांना रीतसर प्रशिक्षण आणि मानधन द्यावं, आणि खाडीकाठी 1778 च्या मोहिमेचा एक मराठी फलक लावावा. भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या आमच्या ड्रायव्हर मंडळींनाही या प्रशिक्षणात घ्यावं, कारण पाहुण्यांशी सर्वांत जास्त वेळ तेच बोलतात.

आणि वाचकहो, तुमच्या जुन्या घरात बंदराच्या, गाड्यांच्या, पेठेच्या काळातले फोटो, हिशेबाच्या वह्या, पत्रं असतील, तर ती रद्दीत घालू नका. त्यांची एक प्रत गावातल्या वाचनालयात द्या, आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की त्यांना घेऊन एकदा खाडीकाठी या.